आजीने आज फूल माळलं

प्रिय आई-बाबा,

फोनवरच सांगणार होते, पण बाबा तुम्ही गुलाबाच्या मालाच्या गडबडीत आणि आई तुझ्या मागे सतत कोणीतरी हाक मारत असतं, आणि हे मला नीट सांगायचंय, म्हणून लिहितेय. रात्री निवांत दोघं मिळून वाचा.

आधी आजीची तब्येत. ऑपरेशनला आज आठवा दिवस, डोळ्याची लाली गेली, थेंब मी वेळेवर घालतेय, काळा चष्मा ती घरातही काढत नाही. डोक्यावरून अंघोळ अजून बंद आहे, केस मीच विंचरून देते.

तर आज सकाळी ती गॅलरीत बसली होती आणि खाली चौकात पोरं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गुलाब विकत होती, तर विचारते, आज कसला सण आहे गं? म्हटलं व्हॅलेंटाईन. "म्हणजे आपल्या फुलांचा की!" तिला सगळं पाठ आहे बाबा, डिसेंबरात तुम्ही पिंचिंग घेता, म्हणजे झाडांचे शेंडे खुडता, मग थंडी वाढली की कळी यायला उशीर होतो आणि तुमची झोप उडते, जानेवारीच्या शेवटाला एक्सपोर्टचा माल सुरू होतो, २०-२० चे बंच, कोल्ड स्टोरेज, रात्रीची गाडी, आणि मग उरलेला माल मार्केट यार्डाला. इतकी वर्षं आपल्या पॉलीहाऊसमधून जगभरच्या लोकांच्या प्रेमासाठी फुलं गेली, पण आपल्या घरात या दिवशी कोणी कोणाला एक फूल दिलेलं मला आठवत नाही. कधी देणार म्हणा, त्या दिवसांत तुम्ही दोघं जेवता पण उभ्या उभ्या.

मी खाली जाऊन एक फूल आणलं, ५० रुपयांना. आजीने हातात घेतल्या घेतल्या आधी दांडी चाचपली. "आपलं नाही हे, आपली दांडी कशी जाड असती." मग नाकाशी नेलं, या गुलाबांना वास नसतो हे तिला माहितीये तरी नेलं. आणि मग आजोबांचं निघालं. कामशेतच्या बाजारातून येताना ते म्हणे पानात गुंडाळून सोनचाफा आणायचे, पण घरात सगळे असायचे ना, त्यामुळे हातात नाही द्यायचे, चुलीजवळ ठेवायचे आणि काही न बोलता बाहेर निघून जायचे. हे मी पहिल्यांदा ऐकलं. तुम्हाला माहीत होतं का बाबा?

मी म्हटलं, आजी, माळू का हे? तर मागेच सरकली. "नको बाय, मला चालत नाही." आजोबांना जाऊन ९ वर्षं झाली, ९ वर्षांत तिने केसात फूल घातलेलं नाही आणि मला आज ते जाणवलं, याचंच वाईट वाटलं. मग मी तिला हेरवाडचं सांगितलं, कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात आहे ते गाव, २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामपंचायतीने ठरावच केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. नंतर त्याच महिन्यात सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. आजी गप्प बसून ऐकत होती. मग विचारलं, "गावानं ठरवलं? सगळ्या गावानं?" हो म्हटलं. बास, पुढे काही नाही. मी मेथी निवडायला बसले, अर्धी जुडी झाली असेल, तेव्हा मागून आवाज आला, "ही दांडी मोड गं, एवढी लांब अंबाड्यात कशी बसंल?"

संध्याकाळपर्यंत होतं ते फूल. चार वेळा तरी हात लावून बघितला तिने, आहे ना जागेवर म्हणून.

आई, आता जे लिहितेय ते रागाने नाही, खरंच नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे हळदीकुंकवाला बायका येतात तेव्हा आजी आपला चहाचा कप घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसते. तिला कोणी सांगत नाही, ती आपणहून उठते, म्हणून आपल्याला वाटतं तिला तसंच हवंय. मी स्वतः हातात वाणाचं ताट घेऊन तिच्यासमोरून गेलेय, कितीतरी वेळा. पुढच्या जानेवारीत मी ४ दिवस सुट्टी टाकून येते, पहिलं हळदीकुंकू आणि पहिलं वाण आजीला देऊया, तू दे. तू दिलंस तर बाकीच्या बायका काही बोलणार नाहीत, त्या तुझं ऐकतात.

सोमवारी डॉक्टरांना दाखवून दुपारपर्यंत तिला घेऊन येते. केसात फूल घालूनच यायचं असं आमचं ठरलंय, पण ती आत्तापासून घाबरलीये की दारात कोण काय म्हणेल. बाबा, तुम्ही तिचे मुलगा, म्हणून पहिलं तुम्हीच बोला, छान दिसतंय एवढंच म्हणा.

आणि त्या दिवशी कटिंगला जाल तेव्हा २ फुलं बाजूला काढून ठेवा, उरलेली नाही, एक्सपोर्टची. एक आजीला, एक आईला. आईचं ओट्यावर ठेवून बाहेर निघून जाऊ नका हं, हातात द्या.

तुमची,
ताई