भरती साडेचार मीटरची, लाट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी जून उजाडला की आपल्या अंकात, आणि खरे सांगायचे तर सगळ्याच वृत्तपत्रांत, एक बातमी ठरलेली असते : ‘समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार’. सोबत मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर फुटलेल्या लाटेचा फोटो आणि खाली तारखा-वेळांची यादी, अगदी मिनिटासकट. मी मालवणात राहतो. शाळेत भूगोल शिकवण्यात हयात गेली. ही बातमी दिसली की अजूनही हात लाल शाईच्या पेनाकडे जातो.

साडेचार मीटर ही लाटेची उंची नव्हे, भरतीची पातळी आहे. सागरी नकाशात खोली मोजण्यासाठी एक शून्य रेषा धरतात, साधारणपणे अगदी खालच्या ओहोटीच्या आसपासची. त्या रेषेपासून भरतीचे पाणी किती वर चढेल, तो हा आकडा. चंद्र-सूर्याच्या गणितातून तो आगाऊ काढता येतो. भारतीय सर्वेक्षण विभाग त्याची वर्षभराची कोष्टके छापतो. म्हणून तर मिनिटासकट वेळ देता येते. पुढच्या जुलैतल्या अमुक तारखेला बारा वाजून सतरा मिनिटांनी केवढी लाट येणार, हे सांगणारा अजून जन्माला यायचा आहे. लाट वाऱ्यातून येते, आणि वाऱ्याचे पंचांग नसते. वारा पडलेला असेल तर साडेचार मीटरच्या भरतीलाही पाणी निवांत वर चढते आणि निवांत उतरते. त्या भरतीवर मोठ्या लाटा स्वार झाल्या, आणि वर मुसळधार पाऊस, की मग मुंबई तुंबते. तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, बातमीत त्यांची एकच होते.

त्यातून तो आकडा मुंबईचा. मुंबईची भरती मोठी, आमची लहान. तिकडे साडेचार मीटरच्या पुढे जाणारे उधाण मालवणात जेमतेम निम्मे भरते, आणि येतेही थोडे आधी. पण बातमीत ‘कोकण किनारपट्टी’ असा एक शब्द घातला की डहाणूपासून रेडीपर्यंत सगळ्यांना एकच माप. माझ्या घराच्या दोन खोल्या मी पर्यटकांना देतो. मागे एका जुलैत कोल्हापूरहून एका कुटुंबाचा फोन आला, “सर, तुमच्याकडे साडेचार मीटरच्या लाटा आहेत म्हणे, रात्री घरात पाणी येईल का?” मी समजावले. त्यांनी ऐकून घेतले आणि आरक्षण रद्द केले. खोली रिकामी राहिली याचे दुःख नाही. (थोडे आहे.)

पण पत्र लिहायला बसलो ते यासाठी नव्हे. खरी तक्रार ज्या दिवशी बातमी नव्हती त्या दिवसाची आहे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्याकडे उतरलेल्या कुटुंबाबरोबर मी तारकर्लीला गेलो होतो. सकाळी चहाबरोबर आपलाच अंक वाचला होता. हवामानाच्या चौकटीत कमाल तापमान, किमान तापमान, आर्द्रता, सूर्योदय, सूर्यास्त आणि ‘आकाश निरभ्र’. आकाश खरोखरच निरभ्र होते. वारा नावाला. लाटा लहान दिसत होत्या, पण थांबून थांबून येत होत्या. सहा-सात मामुली, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग एकामागोमाग एक तीन-चार अशा, की गुडघ्यापर्यंतचे पाणी छातीला लागायचे.

लाटा फुटत होत्या त्यात मधेच पाच-सात पावले रुंदीचा एक पट्टा होता. तिथे लाट फुटत नव्हती. पाणी जरा गडद, वरून सपाट, आणि नीट पाहिले तर फेस आणि गढूळ वाळू त्या पट्ट्यातून आत समुद्राकडे चालली होती. नवख्या माणसाला तीच जागा सगळ्यात शांत वाटते. त्या घरातली दोन मुले नेमकी तिथेच उतरली. लाटांनी किनाऱ्याला ढकललेले पाणी जिथे वाळूत खोलगट वाट सापडेल तिथून परत जाते. इंग्रजीत त्याला रिप करंट म्हणतात, आमच्याकडे नुसते ‘पाणी ओढता’ म्हणतात. मी शिकवताना हे फळ्यावर शंभरदा काढले असेल, पण त्या क्षणी माझ्या आधी ओळखले ते रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, सुकवत बसलेल्या एका रापणकराने. “ओ पावणे, थंय नको! थंय पाणी ओढता!” तोवर थोरल्याचे पाय सुटले होते. तो किनाऱ्याकडे तोंड करून जीव तोडून हात मारत होता आणि जागचा हलत नव्हता. दोघे-तिघे रापणीचा दोर घेऊन धावले. तो आडवा, किनाऱ्याला समांतर पोहला असता तर पंधरा-वीस हातांवर ओढ संपत होती. पण हे त्याला सांगणार कोण आणि कधी?

मुलगा वाचला. घरी येऊन त्याच्या आईने विचारले, “पेपरात तर काहीच नव्हते हो.” या वाक्यामुळे हे पत्र.

वारा नव्हता तर त्या लाटा आल्या कुठून? रापणकर म्हणाला, “भायरसून पाणी येता हा.” बाहेर म्हणजे किती बाहेर, हे ऐकले तर आपले वाचक चकित होतील. विषुववृत्ताच्या पार पलीकडे, दक्षिण महासागरात, मोठी वादळे घोंघावतात. तिथे उठलेल्या लाटा जसजशा दूर जातात तसतशा लांब आणि शिस्तीच्या होत जातात. अशा लाटांचे दोन माथे एका जागेवरून जायला सोळा-अठरा सेकंद लागतात. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटेला पाच-सहा सेकंद पुरतात. सोळा सेकंदांच्या लाटांचा ताफा खोल समुद्रात ताशी सुमारे ४५ किलोमीटरने सरकतो, म्हणजे सहा हजार किलोमीटर तोडून आमच्या दारात यायला पाच-सहा दिवस. तेवढ्यात तिथले वादळ विरलेले असते आणि इथे कुणाला त्याचा पत्ताही नसतो. खोल पाण्यात त्या कळतही नाहीत. होडीवाल्याला नुसता डोल जाणवतो. उथळ वाळूवर आल्या की अंग फुगवतात. एक मीटरची आठ सेकंदांची लाट आणि एक मीटरची सोळा सेकंदांची लाट दिसायला सारखी, पण दुसरी जवळपास दुप्पट ऊर्जा घेऊन आलेली असते. म्हणून उंचीबरोबर सेकंद सांगितले नाहीत तर माहिती अर्धीच राहते.

केरळातल्या मच्छीमारांनी या प्रकाराला फार नेमके नाव दिले आहे : कल्लक्कडल, म्हणजे चोर समुद्र. २०१२ साली युनेस्कोने तो शब्द शास्त्रीय वापरासाठी स्वीकारला. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे ‘इन्कॉइस’, या चोराची आगाऊ वर्दी देते. मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात अशी वर्दी दिली गेली होती, मुंबईपर्यंत सावध केले होते. तरी ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात एका किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच तरुण बुडाले. इशारा दिला जाणे आणि तो पाण्याच्या काठाशी उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर जाणे, यात फार अंतर आहे.

वादळाचे म्हणाल तर त्या वेळी आपण सगळे जागे असतो. फयान, तौक्ते यांची पानेच्या पाने आली. पण २०१९ च्या दिवाळीत ‘क्यार’ खोल समुद्रातून ओमानच्या दिशेने निघाले होते तेव्हाही तारकर्लीच्या पुढच्या देवबागला लोक घरात शिरलेले पाणी उपसत होते, हे आठवते का पाहा. वादळ दूर गेले म्हणजे लाट गेली असे होत नाही.

तेव्हा विनंती अशी. सोने-चांदीच्या भावाखाली जी हवामानाची चौकट असते, त्यात सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या आवृत्तीपुरत्या तीन ओळी समुद्राला द्या. माहिती तयार असते. इन्कॉइस लाटेची उंची, अवधी (म्हणजे तेच सेकंद), दिशा, वारा, प्रवाह यांचा पुढच्या काही दिवसांचा अंदाज रोज देते. वाचकाला कळेल अशा मराठीत ती उतरवायची, एवढेच. नमुना म्हणून (आकडे मनचे आहेत) : ‘मालवण-तारकर्ली. पूर्ण भरती सकाळी १०.४०, ओहोटी दुपारी ४.५०. लाट सव्वा मीटर, १५ सेकंदांची, नैर्ऋत्येकडून, मधूनच दुप्पट. सकाळी वारा मंद, दुपारनंतर वायव्येचा, पाणी खवळेल. ओहोटी लागल्यावर कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये.’

यातले ‘मधूनच दुप्पट’ कृपा करून गाळू नका. अंदाजात दिलेली उंची ही सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. तासन्‌तास पाण्यात राहणाऱ्याला तिच्या जवळपास दुप्पट लाट भेटणारच. आणि दुपारच्या वाऱ्याचेही सांगावे लागते, कारण घाटावरून आलेली मंडळी सकाळी पोहे खाऊन, अकरा वाजता ऊन चढल्यावर किनाऱ्यावर पोहोचतात आणि ‘काल रात्री किती शांत होता समुद्र’ म्हणतात. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून जाणारे मतलई वारे सातवीला गुण मिळवण्यापुरते लक्षात राहतात.

एक जुना हिशेब आमच्याकडे घरोघरी आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-साडेअकरा. तासभर पुढेमागे, पण कॅलेंडर भिंतीवर असेपर्यंत मोबाइलच्या रेंजची गरज लागत नाही. माझी आजी शाळेत गेली नव्हती, तिला हे येत होते. मात्र या हिशेबात लाट नाही. लाटेसाठी तीही दारात उभी राहून कान द्यायची, रात्री, आता जिथे रॉक गार्डन ही किनाऱ्यावरची बाग आहे त्या बाजूने, समुद्राची गाज कशी येते त्यावर. आता त्या बाजूने संगीत येते.

अलीकडे पुण्या-मुंबईची मुले फळ्या घेऊन येतात. “काका, आज सर्फ आहे का?” त्यांना सेकंद कळतात, ती मोबाइलमध्ये तेवढेच पाहतात. चौदा सेकंद म्हटले की त्यांचे डोळे चमकतात. म्हणजे तोच आकडा एकाला ‘चला’ सांगतो आणि आजी-नातवंडांना ‘आज गावातल्या चिवल्याच्या किनाऱ्यालाच बसा’ सांगतो. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत, लाल बावटा लागतो, शिट्टी वाजते. आमच्याकडे तेवढे होईल तेव्हा होवो. छापील तीन ओळींना निविदा काढावी लागत नाही.

पावसाळ्याचे फार सांगत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, मे अखेरीपासून सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या होड्याही बंद, तेव्हा समुद्र स्वतःच दार लावून घेतो. माणसे बुडतात ती बरेचदा ऑक्टोबरात, डिसेंबरच्या सुट्टीत आणि मेमध्ये, चांगल्या हवेच्या दिवशी.

सध्या माझ्या वऱ्हांड्यात एक फळा आहे. रोज सकाळी त्यावर खडूने भरती, लाट आणि सेकंद लिहितो. पाहुणे फोटो काढतात, शेजारचा रिक्षावाला वाचून गिऱ्हाइकाला सांगतो. आपली चौकट सुरू झाली तर पहिले दोन महिने ती रोज चिवल्यावर आणि तारकर्लीला जाऊन ताडून पाहीन, आणि चुकली तर पुन्हा पत्र लिहीन. जूनच्या मथळ्यात ‘लाटा’ऐवजी ‘भरती’ एवढा बदल मात्र त्यासाठी थांबवू नये.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक,
धुरीवाडा, मालवण