मारिओ चालतो, आमची पाने उघडत नाहीत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकात मोबाईलवर जुने व्हिडिओ गेम चालवणाऱ्या एम्युलेटरविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात या साधनांना सरसकट ‘चोरीचे हत्यार’ म्हटले आहे. लेखकाचा रोख जुन्या गेमच्या बेकायदा प्रतींवर असावा, आणि तेवढ्यापुरते त्यांचे म्हणणे बरोबरही आहे. परंतु एम्युलेटर आणि त्यात घातली जाणारी गेमची प्रत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे लेखात कोठेच आले नाही. गेली पस्तीस वर्षे वेंगुर्ल्यात छापखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्याला या फरकाचे मोल अलीकडेच कळले, म्हणून पत्र जरा लांबले तरी छापावे, ही विनंती.

एम्युलेटर म्हणजे काय, हे दशावतार पाहत वाढलेल्या माणसाला सांगायला फार वेळ लागत नाही. तो नव्या यंत्रावर चालणारा, पण जुन्या यंत्राचे सोंग घेणारा प्रोग्राम असतो. जुन्या गेमला वाटते की आपण १९८३ साली जपानमध्ये निघालेल्या, निन्टेंडो कंपनीच्या टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावरच चाललो आहोत. तो त्या यंत्राच्या बोलीत एकेक आज्ञा देत जातो, आणि सोंग घेतलेला प्रोग्राम त्या आज्ञेचा अर्थ लावून ती फोनच्या प्रोसेसरकडून पार पाडून घेतो. हे दुभाष्याचे काम वेळखाऊ असते, पण वेळ भरपूर आहे. त्या जुन्या यंत्राचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोक्यांवर चाले. आजच्या साध्या फोनचा दोनशे कोटींच्या घरात चालतो.

खरी कसोटी वेगाची नसून तालाची असते. जुन्या यंत्रात प्रोसेसर, चित्र काढणारी चिप आणि आवाजाची चिप या तिघी एकाच वेळी आपापल्या ठेक्यात चालत, आणि गेम लिहिणाऱ्यांनी त्या ठेक्यांच्या नेमक्या जुळणीवर भरवसा ठेवून, पडद्यावर अर्धे चित्र उमटलेले असतानाच पुढची करामत करून घेतलेली असे. पेटी, पखवाज आणि झांज यांच्यातले एक जरी अर्ध्या मात्रेने मागे राहिले तरी नाट्यपद फसते, तसे येथे चित्र फाटते किंवा गेम मध्येच थिजतो. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीवरच्या जुन्या गेमची गत उलटी असते. नव्या संगणकावर त्यांतले काही इतके सुसाट सुटतात की डोळ्याचे पाते लवण्याआधी खेळाडू मेलेला असतो, म्हणून २००२ साली आलेल्या डॉसबॉक्स या एम्युलेटरमध्ये वेग मुद्दाम कमी करण्याची सोय ठेवलेली आहे. सोंग चांगले वठवायचे तर नटाला आपली चालसुद्धा बदलावी लागते.

आमच्याकडे हे गेम आले ते चाकरमान्यांच्या सामानातून. नव्वदच्या दशकात गणपतीला मुंबईहून येणाऱ्या एखाद्या मुलाच्या पिशवीत ‘टीव्ही गेम’ असे, आणि आरतीनंतर माजघरातल्या टीव्हीपुढे सगळ्या वाडीतली पोरे बसत. कॅसेट लागली नाही की ती काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची, हा तेव्हाचा सर्वमान्य इलाज होता. खाऱ्या हवेत तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढे, तो फुंकरीने जाणारा नव्हता, पण कॅसेट पुन्हा बसवताना पट्ट्या घासल्या जात आणि श्रेय फुंकरीला मिळे. या ‘टीव्ही गेम’पैकी बहुतेक यंत्रे निन्टेंडोच्या यंत्राच्या नकला होत्या, आणि ‘एकात शेकडो’वाल्या कॅसेटही विनापरवाना छापलेल्या होत्या. एम्युलेटरला आज चोरी म्हणणाऱ्या पिढीने आपले बालपण नकली यंत्रावर नकली कॅसेट लावून घालवले आहे, एवढे तरी लेखात यायला हरकत नव्हती.

त्याच खेळांत बदके मारण्याचा एक खेळ होता, त्याला प्लास्टिकची बंदूक असे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या नळीत बसवलेला प्रकाश टिपणारा घटक तो उजेड पकडून नेम लागला की नाही ते ठरवी. हे सारे काचेच्या नळीच्या टीव्हीच्या लखलखाटावर बेतलेले होते. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा आणि वेगळ्या रीतीने उमटते, त्यामुळे जुने यंत्र, जुनी कॅसेट आणि जुनी बंदूक तिन्ही शाबूत असली तरी बदक मरत नाही. एम्युलेटरमध्ये मात्र पडद्यावर बोट टेकवले की मरते. अस्सल वस्तू निकामी ठरते आणि नक्कल चालते, अशी ही मौज आहे.

आता माझ्या गरजेविषयी. आमच्या छापखान्याने एका मोठ्या घराण्याचा कुलवृत्तांत दोन भागांत छापला. पहिल्या भागाचा मजकूर १९९२ साली डॉसवर, संगणकात ‘जिस्ट’ कार्ड बसवून तयार केला होता. हे तंत्र मूळचे आयआयटी कानपूरचे, पुढे पुण्याच्या सीडॅक या सरकारी संस्थेने ते देशभर नेले. हे कार्ड बसवल्यावर इंग्रजीपुरता घडवलेला संगणक देवनागरी दाखवू लागे. दुसरा भाग १९९९ साली विंडोज ९८ वर, पाने लावण्याचा एक इंग्रजी प्रोग्राम आणि देवनागरी अक्षरांचा दुसरा प्रोग्राम अशा जोडगोळीने झाला. यंदा घराण्यातल्या मंडळींनी नवी आवृत्ती काढायचे ठरवले, आणि मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून फ्लॉप्या बाहेर काढल्या. कोकणातल्या पंचवीस पावसाळ्यांनी काहींच्या चकतीवर बुरशीची पांढरी नक्षी काढून ठेवली होती. ज्या वाचता आल्या, त्यांतल्या फाईल नव्या संगणकावर उघडल्या तेव्हा मराठीऐवजी डोक्यावर टिंबे असलेली परकी अक्षरे आणि डॉलरची चिन्हे दिसली, आणि ज्या वंशवेली मी रात्र रात्र जागून रेघ रेघ ओढून लावल्या होत्या, त्यांचा पत्ताच नव्हता. मजकुराचे युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत रूपांतर करणारी साधने आहेत, पण पान कसे लावले होते हे फक्त त्या प्रोग्रामलाच ठाऊक होते; आणि तो नव्या संगणकावर चढेना. चौकशी केल्यावर कारण कळले ते असे की, आजच्या ६४ बिटी विंडोजमधून १६ बिटी, म्हणजे जुन्या पिढीचे, प्रोग्राम चालवण्याची सोयच काढून टाकलेली आहे, आणि त्या काळच्या कित्येक प्रोग्रामचा आतला भाग ३२ बिटी असला तरी तो संगणकावर बसवणारा भाग १६ बिटी होता. घर शाबूत, पण उंबरठाच ओलांडता येत नाही.

पुण्याला संगणकाचे काम करणारा माझा भाचा गणपतीला आला, तेव्हा त्याने माझ्याच लॅपटॉपवर ८६बॉक्स नावाचा एम्युलेटर बसवला. तो एखाद्या खेळाचे नव्हे, तर त्या काळच्या अख्ख्या संगणकाचे सोंग घेतो. काळ्या पडद्यावर मेमरी मोजली जाऊ लागली, आकडा ६५५३६ वर थांबला, आमच्याच जुन्या सीडीवरून विंडोज ९८ चढले, आणि भाचा म्हणाला, “मामा, आता तुमची फ्लॉपी द्या.” वंशवेलीचे पहिले पान जसेच्या तसे उघडले. इतके जसेच्या तसे, की तेव्हा प्रूफात सुटलेली ‘आजगव’ ही चूकही जागच्या जागी होती.

ती दुरुस्त करायला गेलो आणि अडलो. मराठी टंकनाच्या प्रोग्रामला कुलूप होते. ते उघडणारी, संगणकाच्या मागच्या प्रिंटरच्या खोबणीत खोचायची बोटभर डबी अजून माझ्या खणात आहे, पावतीही आहे. पण लॅपटॉपला तशी खोबण नाही, आणि एम्युलेटरला त्या डबीचे सोंग घेता येत नाही, कारण डबीच्या आत काय आहे हे बनवणाऱ्यांखेरीज कोणालाच माहीत नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपण म्हणतो. त्यात आता या कुलपाची भर घालावी लागेल. ज्यांनी ते विकले त्यांच्याकडे विचारणा केली तेव्हा ‘ती आवृत्ती बंद आहे, नवी घ्या’ एवढेच उत्तर आले, आणि नव्या आवृत्तीत जुनी पाने उघडत नाहीत. अखेर शेजारच्या शब्दातला काना उचलून ‘आजगव’मध्ये चिकटवला आणि ‘आजगाव’ केले. एक काना असा जमला. नव्या पिढीची चाळीस पाने अशी उचलाउचल करून भरता येणार नाहीत.

पहिल्या भागाची तऱ्हा याहून वेगळी. जिस्ट कार्डाचे सोंग घेणारा एम्युलेटर भाच्याला शोधूनही सापडला नाही. मात्र १९९१ साली भारतीय मानक म्हणून जाहीर झालेली इस्की ही अक्षरांची सांकेतिक पद्धत उघड असल्यामुळे, त्या पद्धतीने साठवलेला मजकूर आज कोणालाही युनिकोडमध्ये आणता येतो. जे मानक म्हणून चारचौघांत मांडले गेले ते तरले, आणि जे डबीत बंद करून ठेवले ते डबीतच राहिले. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मूळ येथे आहे. १९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने मेम हा एम्युलेटर सुरू केला, तेव्हापासून जगभरच्या हौशी लोकांनी नाणे टाकून खेळायच्या हजारो यंत्रांच्या चिपा तपासून त्यांचे वागणे बारकाईने लिहून ठेवले आहे. मारिओ आज फोनवर उडी मारतो तो अशाच कोणीतरी घेतलेल्या श्रमांमुळे. मराठी अक्षरे पडद्यावर आणणाऱ्या आमच्या यंत्रांसाठी ते श्रम कोणी घेतलेले नाहीत, आणि ती यंत्रे आतून जाणणारी मंडळी आता सत्तरीला टेकली आहेत.

चोरीच्या आरोपाबद्दल थोडे. एम्युलेटर ही पोरांची क्लृप्ती नव्हे. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम ३६० हे संगणक जाहीर केले तेव्हा जुन्या १४०१ संगणकाचे प्रोग्राम त्यांवर चालावेत अशी सोय स्वतःच दिली होती, कारण त्याशिवाय गिऱ्हाईक नवे यंत्र घेणार नव्हते. २०२० साली ॲपलने प्रोसेसर बदलले तेव्हा जुने प्रोग्राम चालावेत म्हणून रोझेटा २ हा दुभाष्या सोबत दिला. सोनीने आपल्या प्लेस्टेशन या गेमयंत्राचा एम्युलेटर करणाऱ्या कनेक्टिक्स या कंपनीवर लावलेल्या दाव्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००० साली निकाल दिला तो एम्युलेटर करणाऱ्याच्या बाजूने. उलट २०२४ साली युझू या एम्युलेटरच्या कर्त्यांनी निन्टेंडोला २४ लाख डॉलर देण्याचे मान्य करून प्रकरण मिटवले, तेथे मुख्य वाद चालू बाजारातल्या गेमचे कुलूप फोडण्याचा होता. बाजारात मिळणाऱ्या गेमची फुकट प्रत उतरवणे ही चोरीच आहे, त्यात मला शंका नाही. पण जुने गेम जतन करणाऱ्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत असे आढळले की, २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज विकतच मिळत नाहीत. दुकानच उरले नसेल तर पैसे टाकायचे कोठे?

आपला कायदा या बाबतीत बराच समंजस आहे, हे पाहून मला आश्चर्य वाटले. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ प्रोग्रामच्या कायदेशीर धारकाला तो नष्ट होऊ नये म्हणून राखीव प्रत करू देते, आणि एक प्रोग्राम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती अन्यत्र सहज मिळत नसेल तर ती शोधून काढण्यासही मोकळीक देते. कलम ६५अ मध्ये कुलूप तोडण्याला शिक्षा आहे, पण हेतू हक्कभंगाचा असेल तर. खोट आहे ती २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या एका तरतुदीत. तिच्यानुसार बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते, परंतु त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असेल तरच. कागदी पोथीला हे चालते. जन्मापासूनच डिजिटल असलेल्या प्रोग्रामची बिनडिजिटल प्रत ग्रंथालयाने आणायची कोठून? आमच्या भागातल्या एखाद्या ‘अ’ वर्ग ग्रंथालयाने उद्या जुने मराठी प्रोग्राम एम्युलेटरसह जपून ठेवायचे आणि लोकांना आपल्या जुन्या फाईल तेथे येऊन उघडू द्यायच्या असे ठरवले, तर या तरतुदीचा आधार त्याला मिळणार नाही. ‘डिजिटल नसलेली’ हे दोन शब्द वगळले तरी पुरे होईल, आणि आपल्या खासदारांनी ते मनावर घ्यावे यासाठीच हा पत्रप्रपंच आहे.

जाता जाता वाचकांना एक विनंती. पहिल्या भागाच्या अकरा फ्लॉप्या सव्वापाच इंची, जुन्या पातळ प्रकारच्या आहेत. एम्युलेटर त्या ड्राइव्हचेही सोंग घेतो, परंतु चकतीवरचा मजकूर एकदा तरी खऱ्या ड्राइव्हनेच उचलावा लागतो, आणि तसा चालू ड्राइव्ह मला बांद्यापासून राजापूरपर्यंत कोठे मिळाला नाही. कोणाच्या माळ्यावर असा संगणक झाकून ठेवलेला असेल, तर कृपया आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावे. फ्लॉप्या घेऊन मी स्वतः येईन.

आपला,
एक मुद्रक, वेंगुर्ले