बाळ्या, टाकणारा तूच

मालवण
सोमवार, रात्री

प्रिय बाळ्या,

हे पत्र सूनबाई वाचून दाखवणार, म्हणून शिव्या गाळल्या आहेत. परवा फोनवर म्हणालास, ‘माका आता काय दिसना नाय. खेळ संपलो माजो.’ कॅरमवर अख्ख्या आचऱ्याला गार करणाऱ्याने असं बोलावं?

लॉन बोल्स आठवतं का, हिरवळीवर गोळे घरंगळत सोडायचा तो खेळ? २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की यांनी सुवर्ण आणलं, तेव्हा चार दिवस सगळेच त्यातले जाणकार झाले होते. त्याच स्पर्धेत अधू नजरेच्या खेळाडूंची मिश्र दुहेरीही होती. स्कॉटलंडच्या रॉबर्ट बार आणि मेलनी इनेस यांनी अंतिम सामन्यात वेल्सला हरवून ती जिंकली. प्रत्येक खेळाडूसोबत एक डायरेक्टर, म्हणजे बघून सांगणारा साथीदार, असतो. मेलनीचा डायरेक्टर जॉर्ज मिलर, वय ७५, आणि सुवर्णपदक त्यालाही मिळालं. बातम्यांत सगळा भर त्याच्या वयावर. मला ते जरा उथळच वाटलं, कारण खरी गंमत त्याच्या कामात आहे.

जॅक म्हणजे नेम धरायचा पांढरा छोटा चेंडू. तो टाकणाऱ्यापासून निदान २३ मीटर दूर असतो आणि आपला बोल, म्हणजे मोठा गोळा, घरंगळत त्याच्या जवळ न्यायचा. खेळाडूला जॅक दिसत नाही, दिसलाच तर धूसर. मग डायरेक्टर घड्याळाच्या भाषेत सांगतो: ‘दोन वाजता, हातभर मागे.’ म्हणजे जॅक मध्ये धरला तर तुझा बोल दोनच्या आकड्याकडे, हातभर पलीकडे थांबला. बस, एवढंच. पुढचा हिशोब तुझ्या डोक्यात आणि मनगटात. जास्त बडबडणारा डायरेक्टर कामाचा नाही. तुझा डायरेक्टर मीच होणार, तेव्हा हसू नकोस, मी तोंड आवरायला शिकेन.

आणि बोल सरळ जातच नाही! तो एका अंगाला मुद्दाम बाकदार घडवलेला असतो. वेग आहे तोवर जवळजवळ सरळ, मंदावला की वळायला लागतो. कुठल्या अंगाला वळणार ते बोलवरच्या छोट्या वर्तुळावरून कळतं, आणि ते कोरलेलं असलं की बोटाला लागतं. तुझ्या बोटांना स्ट्रायकरची कड अजून कळते ना? मग झालं तर.

तुझ्या सर्टिफिकेटवर चांगल्या डोळ्याची नजर ३/६० लिहिली आहे. अधू नजरेच्या खेळाडूंचे नजरेप्रमाणे गट असतात, त्या हिशोबाने तू बी-३ गटात बसशील असं दिसतं. बी-२ तुझ्याहून कमी नजरेचे. हातापायाने अधू खेळाडूंचे गट वेगळे. त्यातल्या दुहेरीत रोझमेरी लेंटन नावाच्या ७२ वर्षांच्या बाई व्हीलचेअरवरून सुवर्ण घेऊन गेल्या. पॅरालिम्पिकमध्येही १९६८ ते १९८८ आणि पुन्हा १९९६ मध्ये हा खेळ होता, मग काढला. का काढला कोण जाणे, पण मला राग आला.

आता तू विचारशील, कोकणात हिरवळ कुठली? नाहीच. काल खळ्यात सोललेला नारळ घरंगळत सोडून बघितला. थेट निमुळत्या बाजूकडे वळला! ही बाहेरून हाक मारते, ‘नारळ फोडताय की खेळताय?’ आचऱ्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू घट्ट असते, तिथे आणखी छान घरंगळेल. नारळ म्हणजे बोल नव्हे, ठाऊक आहे. पण घड्याळाच्या भाषेची सवय करायला तेवढं पुरे.

पोरं बघायला जमतील, ‘काकांचा कमाल आत्मविश्वास’ वगैरे म्हणतील. त्यांना मी हाकलून देईन. तुझा नारळ भलतीकडे गेला तर मी ‘वा वा’ म्हणणार नाही, ‘नऊ वाजता, चार हात’ एवढंच म्हणेन. तुला राग आला तर उत्तम.

रविवारी भरतीचं टेबल बघून येतो. चार नारळ सोलून ठेव, शेंडी नको. जॅक म्हणून नातवाचा पांढरा रबरी बॉल माग. त्याला विचारून हां, मागच्या वेळी रडला होता. वहिनींना सांग, जेवायला थांबणार, सोलकढी जरा जास्त कर म्हणावं.

तुझाच,
अण्णा