नानांचा पूर्वी स्टार

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. साखर आहे तिथंच आहे, गुडघे कुरकुरतात, मोतीबिंदूचं पावसाळ्यानंतर बघू. तुझ्या दिवाळीतल्या पत्राला उत्तर आत्ता देतोय. शिव्या राखून ठेव, आधी काम ऐक.

नानांनी १९७१ च्या लढाईतल्या मेडलांसाठी केलेल्या अर्जाला रेकॉर्डचं, म्हणजे फौजेचे कागद सांभाळणाऱ्या ऑफिसचं, उत्तर आलं. रक्षा मेडल, संग्राम मेडल, पंचविसाव्या स्वातंत्र्यदिनाचं मेडल आणि नऊ वर्षांच्या नोकरीचं, एवढंच. पूर्वी स्टारची, म्हणजे पूर्व आघाडीवर होते त्यांच्या मेडलची, नोंद नाही. जखमींच्या वून्ड मेडलचं, ज्याला आता पराक्रम पदक म्हणतात, तर नावसुद्धा नाही. नानांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "मग मी पन्नास वर्षं लंगडतोय ते हौसेनं का?" इथल्या पोरांना सगळी मेडलं सारखीच दिसतात. "चार आहेत की, पाचवं कशाला," असं नातूच विचारतो. आता त्याला काय सांगणार? संग्राम मेडल ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात फौजेच्या हजेरीपटावर असलेल्या कुणालाही मिळालं. रेजिमेंटच्या सेंटरच्या लंगरात वरण ढवळणाऱ्यालासुद्धा. स्टारचं तसं नाही, त्याला पूर्वेच्या लढाईच्या मुलखात पाय ठेवलेला लागतो. हा फरक तुला सांगावा लागत नाही, म्हणून तुलाच लिहितोय.

हे झालं कसं, ते कागद समोर ठेवल्यावर सरळ दिसतं. नाना जखमी झाले, फील्ड अॅम्ब्युलन्समधून मागे गेले, मग बेस हॉस्पिटल, मग सीईई (कमी तंदुरुस्तीची) कॅटेगरी लागून सेंटरच्या डेपो कंपनीत. पलटणीच्या बलावरून एसओएस, म्हणजे नाव कमी. मेडलांचे नॉमिनल रोल, म्हणजे नावांच्या याद्या, झाल्या त्या नंतर. पलटणीनं हजर माणसांचा रोल केला, त्यात नाना नाहीत. डेपोनं आपल्या माणसांचा केला, पण हा माणूस पूर्वेला होता याचा कागद डेपोकडे नव्हता, म्हणून फक्त संग्राम लिहिलं. पलटणीला वाटलं डेपो करेल, डेपोला वाटलं पलटणीनं केलं असेल. तेव्हाच्या हेड क्लार्कला नावं ठेवू नकोस. मी ऑफिसात आलो तेव्हाही अशा अधांतरी माणसांची एक वेगळी फाईल होती, आणि ती कायम सगळ्यात खाली असायची.

पण माझा पहिला संशय दुसराच आहे. नाना नायब सुभेदार होऊन रिटायर झाले, म्हणजे त्यांचे नंबर दोन. जेसी नंबर, म्हणजे जेसीओ झाल्यावर मिळणारा, नंतरचा. १९७१ चे सगळे पार्ट टू ऑर्डर (माणसाच्या नोंदी चढवणारे आदेश) जुन्या नंबरावर. नातवानं अर्जात फक्त पीपीओवरचा (पेन्शनच्या आदेशावरचा) जेसी नंबर टाकला होता. रेकॉर्डमधल्या पोरानं त्या नंबरावर शोधलं असेल, आणि बढतीच्या आधीचं काही सापडलं नाही की 'नोंद नाही' लिहून मोकळा. नानांचं संग्राम मेडल भिंगाखाली धरून कडेवर काय कोरलंय ते बघितलं. जुना नंबर, हवालदार, नाव. आणि नाव 'गणपती', पीपीओवर 'गणपत'. म्हणजे नवा अर्ज दोन्ही नंबर आणि दोन्ही स्पेलिंग घालून, दोन्ही एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडूनच गेला पाहिजे. मेडलच्या कडेचा फोटोही जोडतोय.

अर्ज ओआयसी रेकॉर्डच्या, म्हणजे तिथल्या प्रमुख अधिकाऱ्याच्या, नावानं, नानांच्या सहीनं. सही आता थरथरते, जुन्या सहीशी जुळत नाही (बँकेत दरवेळी तीच कटकट), म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून साक्षांकन आणि त्यांचं फॉरवर्डिंग लेटर. मागणी दोनच ओळींत: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पलटणीत, पूर्वेला, बॅटल कॅज्युअल्टी (शत्रूच्या माऱ्यात जखमी) म्हणून इव्हॅक्युएट; शीट रोल (सेवेच्या नोंदींचा कागद) आणि पार्ट टू ऑर्डरवरून पडताळून क्लेम पुढे पाठवावा आणि मंजुरीनंतर पार्ट टू ऑर्डर काढावा. ही शेवटची ओळ लोक विसरतात. मेडल टपालानं घरी येतं, पाकीट फोडून सगळे पेढे वाटतात, आणि दस्तऐवजात काहीच चढत नाही. मग पुढच्या पिढीला तेच मेडल सिद्ध करत बसावं लागतं.

नातवाला घाई. त्याचं म्हणणं, थेट राष्ट्रपतींना लिहू. लिही बाबा. ते पत्र दिल्लीतल्या दोन-तीन टेबलांवरून उतरत त्याच रेकॉर्डच्या त्याच टेबलावर येतं, वर कव्हरिंग लेटरं तेवढी जास्त. स्टारचे महिन्याला किती, हेही विचारून झालं. शून्य. शौर्य पदकाला भत्ता असतो, त्याचं नाव राजपत्रात छापून येतं, त्याला पुरावा म्हणजे अधिसूचनेचा नंबर. मोहिमेच्या मेडलला ना भत्ता ना राजपत्र. म्हणून त्याची घाई कुणालाच नसते.

वॉर इंज्युरी पेन्शनचा विषय मी मुद्दाम या अर्जात घेतलेला नाही. ती वाट वेगळी, प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसची. दोन मागण्या एका कागदावर आल्या की फाईल आधी पेन्शनकडे जाते आणि मेडल तिथंच झोपतं. पण बीज एकच: नाना तेव्हा 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणून चढले का 'फिजिकल कॅज्युअल्टी', म्हणजे अपघात-आजार, म्हणून? दुसरं लिहिलं असेल तर वून्ड मेडल विसरा, आधी ती नोंद दुरुस्त करायला हवी. त्यासाठी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून आरटीआय टाकतोय, नानांच्याच नावानं, कारण नातवाच्या नावानं टाकला तर 'तिसऱ्याची खासगी माहिती' म्हणून परत येईल. 'का दिलं नाही' असं विचारायचं नाही, त्याला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. फक्त प्रती मागायच्या: शीट रोल, कॅज्युअल्टीचा पार्ट टू ऑर्डर, मेडिकल बोर्डाचे कागद. पानाला दोन रुपये. ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. नाना पेन्शनर आहेत म्हणून कागद असण्याची आशा तरी आहे. विनापेन्शन घरी गेलेल्यांचे कागद आर्मी रेग्युलेशनच्या ५९५ कलमाखाली २५ वर्षांनी नष्ट होतात, उरतो फक्त लाँग रोल, आणि त्यात एका माणसाला एक ओळ.

आता तुझं काम. नानांना लागलं त्या रात्री तू त्यांच्याबरोबर होतास, मी नव्हतो. तुझं लेखी निवेदन पाहिजे, नोटरी करून. स्वतःचा नंबर, रँक, नाव, पीपीओची झेरॉक्स. मग तू स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलंस तेवढंच: कुठल्या कंपनीत होतात, नानांना कुठे लागलं, कुणी उचललं, कुठवर तुझ्यासमोर होते. बस. सदा, मी तुला ओळखतो. तुझ्या गोष्टीत दर वर्षी एक बंकर वाढतो. गेल्या मेळाव्यात तो तिसऱ्यावर गेला होता. इथं एकही नको. शौर्याचं वर्णन नको, शत्रूची संख्या नको, 'गोळ्यांचा वर्षाव' तर अजिबात नको. वाचणाऱ्याला एवढंच हवंय की हा माणूस त्या दिवशी त्या मुलखात होता आणि शत्रूच्या माऱ्यात जखमी झाला.

आणि तारीख. तू नऊ म्हणतोस, मी दहा म्हणतो, शिंदे वहिनींच्या लग्नापासून हे भांडण चालू आहे, आणि तूच चुकतोयस. तरीही माझ्यासाठी दहा लिहू नकोस. खात्री नसेल तर 'डिसेंबर १९७१ चा दुसरा आठवडा' लिही. पलटणीची वॉर डायरी दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागात असते. पडताळणी तिथवर गेली आणि तुझी तारीख जुळली नाही, तर एक दिवस चुकला म्हणून सगळं निवेदनच बाजूला पडेल. मोघम पण खरं चालतं, नेमकं पण चुकीचं चालत नाही. देशमुखांनाही लिहितोय, पण दोघांनी एकमेकांचं बघून लिहू नका. दोन निवेदनं शब्दाला शब्द सारखी आली की बाबू लोक हसतात.

आणखी एक. तुझी ती हिरवी ट्रंक माळ्यावरून काढ. तेव्हाची आंतर्देशीय पत्रं सापडली तर पत्ता बघ. '९९ एपीओ' (आर्मी पोस्ट ऑफिस) असेल तर ते पूर्वेकडचं, '५६ एपीओ' असेल तर उपयोग नाही. शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख वाचता येत असेल तर फोटो काढ, तिरप्या उजेडात धरून, नाहीतर शिक्का नुसता डाग दिसतो. नानांच्या घरची पत्रं उंदरांनी खाल्ली. त्यांच्याकडे उरलाय हॉस्पिटलचा डिस्चार्ज स्लिप, घडीवर फाटलेला. त्याला चिकटपट्टी लावू दिली नाही मी, शाई उचलून येते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून रंगीत झेरॉक्स काढली. मूळ कागद कुठंही पाठवायचा नाही. हे तुलाही सांगतो, कारण तुझं डिस्चार्ज बुक तू एकदा मूळच्या मूळ पाठवून दिलं होतंस आणि मग वर्षभर मला फोन करत होतास.

सहा महिन्यांत काही हललं नाही तर मुंबईचं आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल आहेच. नानांना ते नको आहे. "सरकारवर केस करून स्टार लावू का छातीवर?" म्हणतात. नातू म्हणतो बाजारात विकत मिळतो. मिळतो, रिबनसकट मिळतो, पण त्यावर नंबर नसतो, आणि तो लावून मेळाव्याला गेलं तर पहिला तूच उलटा करून बघशील.

वहिनींच्या पाठीचं काय झालं? धाकट्याची बदली रद्द झाली का? घर विकायचं खूळ डोक्यातून गेलं असेल तर कळव, गेलं नसेल तर मला विचारल्याशिवाय कुठंही सही करू नकोस.

निवेदन दोन प्रतींत, स्पीड पोस्टानं माझ्याच पत्त्यावर पाठव. परस्पर रेकॉर्डला धाडू नकोस, सुटा कागद फाईलला लागत नाही. नोटरीकडे जाण्याआधी मजकूर फोनवर वाचून दाखव. बंकर मोजायचे आहेत.

तुझा,
विठ्ठल