अकराशे ऐंशीच्या आईकडून

आदरणीय सिस्टर,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा लेकीचे डोळे तपासून आणले. दोन वर्षांची झाली ती. पडदा अगदी नीट आहे म्हणाले, आणि तिथेच बाकावर बसून मला ससूनमधली तुमची रात्रपाळी आठवली. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण तुम्ही ओळखाल. तुम्ही आम्हा आयांना वजनावरून हाक मारायचात: "अकराशे ऐंशीची आई कोण? दूध आणलं का?"

तिसाव्या आठवड्यात तालुक्याच्या गावी बाळंत झाले. एवढ्या लहान जिवाची सोय तिथे नव्हती, म्हणून १०८ने बाळ आणि बाळाचे बाबा पुढे गेले. मी तिसऱ्या दिवशी पोचले. टाके ओढत होते, आणि काचेच्या पेटीत माझं बाळ नळ्यांमध्ये हरवलेलं होतं.

त्या रात्री मॉनिटर वाजला. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९८ होता. शंभराकडे चाललाय म्हणजे बरंच आहे, असं मला वाटलं, आणि तुम्ही येऊन ऑक्सिजन कमी केलात. मी ओरडलेच तुमच्यावर. तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "नव्वद ते पंच्याण्णव, बास. कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्या अजून पुरत्या वाढलेल्या नसतात. ऑक्सिजन जास्त झाला की त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढला जातो." मग मला स्टुलावर बसवून म्हणालात, आता तुम्हीही आकडा बघा. पहाटेपर्यंत तुम्ही किती वेळा ते बटण इकडून तिकडे फिरवलंत! जेमतेम एखाद्या रेषेइतकं. माझ्या मुलीची नजर त्या रेषेवर होती.

तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर आले. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या. लेझर लागला नाही.

एक गोष्ट कबूल करायची आहे. सकाळी राउंडला बी. जे. मेडिकल कॉलेजची एवढी मुलं पेटीभोवती उभी राहायची, सर प्रश्न विचारायचे, तेव्हा मला राग यायचा. माझं बाळ म्हणजे काय धडा आहे का? मग एक दिवस सरांनी विचारलं, कांगारू केअर कुठे सुरू झालं? एक विद्यार्थिनी म्हणाली, कोलंबियात, बोगोटाला, १९७८ साली, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. त्याच दुपारी तुम्ही टोपी आणि लंगोट एवढ्यावर बाळ माझ्या छातीशी ठेवलंत, आणि तिचा श्वास माझ्या श्वासाबरोबर संथ होताना मला जाणवला. रात्री तीनला धावत येणारी डॉक्टर याच घोळक्यात कधीतरी शिकली असणार, हे तेव्हा डोक्यात शिरलं. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ साली उभं राहिलेलं हे हॉस्पिटल, १९४६ पासूनचं कॉलेज. इतक्या वर्षांचं शिकणं-शिकवणं माझ्या बाळाच्या वाट्याला आलं.

आणि तुम्ही मलाही शिकवलंत. नळीने दूध देताना सिरिंजचा दट्ट्या काढून टाकायचा, सिरिंज उंच धरायची, दूध आपल्या वजनाने उतरू द्यायचं. दोन मिली दूध. माझा हात थरथरायचा, तुम्ही खालून कोपर धरायचात. "ढकलायचं नाही, आई. तिला वेळ लागू दे."

घरी जायच्या दिवशी तुमची सुट्टी होती. नीट निरोपही घेता आला नाही, ते मनात राहिलं. सिस्टर, मनापासून आभार.

पुढच्या महिन्यात पुणे स्टेशनला उतरणार आहोत, तेव्हा तिला दाखवायला घेऊन येते. खूप बोलते. तिचे ते बोटाएवढे पायमोजे अजून ठेवलेत, तेही आणीन.

आपली,
अकराशे ऐंशीची आई