नीट, बोर्ड आणि तुझे दहावीचे ९६ टक्के

प्रिय मनू,

रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, बोर्डाला नुसते लागतात तेवढेच गुण पडले तर चालतील ना?" मागे वॉर्डनबाई ओरडत होत्या, फोनसाठी मुलींची रांग लागलेली, तेवढ्यात काय सांगणार? म्हणून हे पत्र. बाबांबरोबर लाडवांच्या डब्यातून पाठवतेय. लाडू आधी वाटून टाक, नाहीतर लातूरच्या मुंग्या वाटून घेतील.

मेडिकलच्या प्रवेशाला बोर्डाचे गुण मोजतच नाहीत, हे तुझ्या रूममेटचं म्हणणं खरं आहे, हे पहिल्यांदा सांगून टाकते. बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या तोंडून हे ऐकताना तुला गंमत वाटेल. पण एमबीबीएसच्या यादीत तुझं नाव कितवं येणार, ते नीटवर, म्हणजे मेडिकलच्या देशभरच्या प्रवेश परीक्षेवर ठरतं, यात बारावीच्या गुणांचा काडीचाही वाटा नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी (पीसीबी) मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के लागतात, म्हणजे ३००पैकी १५०. आपल्यासारख्या राखीव वर्गातल्यांना ४० टक्के, म्हणजे १२०. शिवाय या तिन्ही विषयांत आणि इंग्रजीत पास. एवढं झालं की एखाद्याला १५१ असोत की २९१, प्रवेशाच्या यादीला दोघंही सारखेच. त्यात प्रत्येक विषयाचे ३० गुण प्रात्यक्षिकाचे. म्हणजे ३००तले ९० प्रयोगशाळेतच आले. जर्नल पूर्ण असलेल्या आणि सूक्ष्मदर्शक धड धरता येणाऱ्या मुलीला त्यातले बरेचसे मिळतात. पुढचा हिशोब तू कर, मला वाटतं तो तू केलेलाच आहेस.

दहावीचं तर त्याहून सोपं. तुझे ९६ टक्के आजीने अख्ख्या आळीला सांगितले आणि त्या दिवसापासून तू 'डॉक्टरीणबाई' झालीस. त्या ९६ टक्क्यांनी तुला अकरावीला हवं ते कॉलेज मिळालं. तिथे त्यांचं काम संपलं. आता त्या निकालाचा उपयोग एवढाच, की तू दहावी महाराष्ट्रातून झालीस हे त्यावरून कळतं. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही इथून व्हावी लागतात, शिवाय अधिवासाचा दाखला. सरकारी कॉलेजांतल्या उरलेल्या १५ टक्के जागा देशभरातल्या मुलांसाठी. तिथे तुझ्या ९६ टक्क्यांकडे कुणी ढुंकूनही पाहणार नाही. मामी दर फोनला "दहावीला एवढे होते, मग टेस्टला इतके कमी का?" असं विचारते ना, तिला हा परिच्छेद वाचून दाखव.

मामीचं तरी काय चुकतं म्हणा. ती आमच्या काळातली. मी बारावी झाले १९९६ला. तेव्हा मेडिकल म्हणजे बोर्डाचं पीसीबी, दुसरं काही नव्हतंच. निकालाच्या दिवशी गुणपत्रिकेवर पहिल्यांदा ती तीन विषयांची बेरीज करायची, टक्के मागाहून. एकेका गुणावर मुलं यादीतून खाली घसरायची. प्रात्यक्षिकाचे गुणही त्याच बेरजेत असायचे, त्यामुळे कुठल्या कॉलेजने किती सढळ हाताने दिले याची कुजबुज चालायची. १९९९ला सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा आली आणि बोर्डाचं महत्त्व तिथून उतरणीला लागलं. 'लातूर पॅटर्न' मात्र बोर्डाच्या गुणवत्ता यादीवर नावारूपाला आला आणि बोर्डाची सद्दी संपल्यावरही टिकला. परीक्षा बदलली की हे गाव महिनाभरात नवीन प्रश्नसंच छापतं, हे मला नेहमीच थक्क करतं. २०१३ला नीट एकदा होऊन न्यायालयात रद्द झाली. २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने ती परत आणली, तेव्हा पालकांची इतकी धावपळ झाली की राज्यातल्या सरकारी जागांसाठी त्या वर्षापुरती सूट मिळाली आणि सीईटीवरच प्रवेश झाले. २०१७पासून सगळं नीटवर. तमिळनाडूत तर त्याआधी दहा वर्षं नुसत्या बारावीच्या गुणांवर प्रवेश होत होते आणि तिथलं सरकार त्यासाठी अजून भांडतंय. त्यांचं म्हणणं असं की नीट क्लासवाल्यांची परीक्षा आहे. मी क्लासची फी भरलेली बाई, मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

आणखी एक गोष्ट तुला माहीत नसेल. २०२०पर्यंत राज्याच्या जागांतही ७०:३० होतं. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के सगळ्या राज्याला. मराठवाड्यात कॉलेजं कमी, म्हणून आपल्याकडच्या मुलांना जास्त गुण असूनही जागा मिळायची नाही. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ते रद्द झालं. जाहीर केलं तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी, म्हणजे लातूरकरांनीच.

आता नीटचं. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. बरोबर आलं तर ४, चुकलं तर १ वजा. अर्धी परीक्षा बायोलॉजीची, हे तुला रोज कुणी ना कुणी सांगतंच. मी वेगळं सांगते: तिथे पडलेले गुणसुद्धा गुण म्हणून धरू नकोस. २०२४ला भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर धरली होती, कारण एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात एक वाक्य चुकीचं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं आणि चार लाखांवर मुलांचे प्रत्येकी ५ गुण गेले. ७२०पैकी ७२०वाले आधी ६७ होते, शेवटी १७ उरले. त्या मुलांचा अभ्यास एका रात्रीत कमी झाला होता का? पुढच्या वर्षी, २०२५ला, फिजिक्स इतकं अवघड आलं की देशात पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६ होते. २०२४ला ६५०च्या वर हजारो मुलं होती, २०२५ला शंभरसुद्धा नव्हती. म्हणून क्लासच्या टेस्टमध्ये "५८० आले, आता ६२० हवेत" असा आकड्यांचा जो जप तू लावलायस, तो मला पटत नाही. टेस्टमधला तुझा नंबर बघ, तो पुढे सरकतोय की मागे ते बघ. २०२५ला परीक्षेला २२ लाख मुलं बसली, पात्र ठरली १२ लाखांवर, आणि एमबीबीएसच्या जागा देशभर सव्वा लाखाच्या आसपास. 'पात्र' या शिक्क्याने कुणी डॉक्टर होत नाही. त्यातही सरकारी आणि खासगी यांच्या फीमध्ये वर्षाला कित्येक लाखांचा फरक. आपल्या घरात त्यातली कुठली परवडते ते तुला ठाऊक आहे.

आणि हो, पचनसंस्थेचा धडा २०२४पासून नीटच्या अभ्यासक्रमात नाही. आपल्या बोर्डाच्या अकरावीच्या पुस्तकात आहे. उद्याच्या डॉक्टरांना जठर कुठे असतं हे विचारायचं नाही असं ठरवणाऱ्यांना मी काय म्हणू? तू तो धडा वाच, परीक्षेला येणार नसला तरी. आईचा हट्ट समज.

मग बोर्ड सोडून द्यायचं का? तुझा प्रश्न हाच आहे, आणि माझं उत्तर नाही असं आहे. फाटक उघडायला किल्ली एकदाच लागते, पण ती हरवली तर अख्खी रात्र बाहेर. नीट कितीही वेळा देता येते, वयाची वरची अटही काढून टाकलीय. तुझ्याबरोबर बसणाऱ्या बऱ्याच मुलांचा तो दुसरा-तिसरा प्रयत्न असेल. बारावी मात्र एकदा व्यवस्थित झाली की पुन्हा तिच्याकडे बघावं लागत नाही. आमच्याच कॉलेजात मी अशी मुलं पाहिलीत की नीटमध्ये रँक बरी, पण इंग्रजीच्या पेपराला काही न वाचता गेली आणि जुलैच्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरत बसली. त्या वेळी यादीचं काय होईल, कागद वेळेत पोचतील का, हा घोर घरच्यांनी घ्यायचा.

दुसरं म्हणजे इतर दारं. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस नीटवरच, त्यांना बारावीचं वेगळं काही लागत नाही. फार्मसीला मात्र एमएचटी-सीईटीचा पीसीबी गट आहे. त्यात वजा गुण नसतात आणि बराचसा भर बारावीवर असतो, अकरावीचा भाग थोडाच. तो फॉर्म भरायचा आहे. तू नाक मुरडशील, माहीत आहे. तरी भरायचा.

तिसरी गोष्ट क्लासमध्ये कुणी बोलत नाही, पण मला सगळ्यात जास्त तीच सांगायची होती. दोन वर्षांपूर्वीचा माझा एक विद्यार्थी सरकारी कॉलेजला लागला. पहिल्या अंतर्गत परीक्षेनंतर त्याचा फोन आला, "मॅडम, दहा मार्कांचं उत्तर म्हणजे किती पानं लिहायची?" त्याने बारावीला माझ्या तासाला कधी वहीच उघडली नव्हती, सगळं चार पर्यायांतून एक निवडून. आकृती काढायची, तिला नावं द्यायची, मग ओळीने लिहायचं, हे त्याला शरीररचनाशास्त्राच्या पेपरात बसल्यावर पहिल्यांदा करावं लागलं. वर तोंडी परीक्षेत समोर बसलेले सर विचारतात आणि पर्याय देत नाहीत. आता तो सावरलाय. पण त्याचं ते पहिलं वर्ष फार जड गेलं, आणि एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला प्रयत्नांची मर्यादा आहे, चारच. हृदयाच्या उभ्या छेदाची आकृती तू बोर्डासाठी पाच मिनिटांत काढायला शिकलीस तर ती वाया जाणार नाही एवढं मी खात्रीने सांगू शकते. बाकी खात्रीने सांगता येईल असं या सगळ्या प्रकारात फार थोडं आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: जानेवारी संपेपर्यंत आत्ता चाललंय तसंच चालू दे. प्रात्यक्षिकं सुरू झाली की कॉलेजला रोज जा, क्लासचे सर काही म्हणोत. त्या दिवसांत क्लासची टेस्ट बुडली तरी मी सरांशी बोलेन. इंग्रजीचे जुने पेपर पाच-सहा सोडव. फिजिक्सच्या सिद्धता लिहून काढ, नुसत्या वाचू नकोस. तुला पीसीबीला २४० पडले तर मी खूश, २७० पडले तर आजी खूश. २९० पडले तर मी विचारेन की नीटच्या अभ्यासातला किती वेळ इकडे घातलास?

आणि यंदा नाही झालं तर एक वर्ष आणखी द्यायला आम्ही तयार आहोत. बाबा आणि मी बोललोय. दुसऱ्या वर्षाचं आत्ता काही ठरवायचं नाही, तेव्हाचं तेव्हा बघू. तोवर "आमच्या पैशांचं काय होईल" हा विषय फोनवर काढायचा नाही, ते आमचं काम.

आता कागद. तुझं जातवैधता प्रमाणपत्र अजून हातात आलेलं नाही, बाबा पडताळणी समितीच्या कार्यालयात पुढच्या आठवड्यात पुन्हा जातायत. ते आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला वेळेत नसेल तर तुला खुल्या वर्गात धरतील, आणि मग तो १२०चा हिशोबही १५०चा होतो, जागा तर दूरच राहिली. नॉन-क्रिमीलेअर प्रवेशाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं, त्यामुळे एप्रिलमध्ये नवीन काढू. तुझ्या आधार कार्डावरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते पाहा, आधारवर तुझ्या आडनावात एक 'ए' जास्त आहे असं मला वाटतं. पांढऱ्या पार्श्वभूमीचे पासपोर्ट आकाराचे आठ फोटो काढून बाबांकडे परतीला दे. डबाही दे, तो काकूंचा आहे.

तुझी,
आई