पाठदुखी : गोळीचा डोस आणि उठबस

महोदय,

जुन्या कंबरदुखीच्या रुग्णाला ‘दुखणं दहापैकी किती?’ असं विचारलं जातं. पण भारतीय संडासात बसता येतं का, एसटीची पायरी चढवते का, हे क्वचितच कोणी विचारतं. अफूवर्गीय (मॉर्फीनच्या जातीच्या) वेदनाशामक गोळ्यांचा डोस वाढवण्याआधी खरं तर हेच विचारायला हवं.

अमेरिकेत मिनियापोलिसच्या माजी सैनिकांसाठीच्या दवाखान्यांत जुनी पाठदुखी किंवा गुडघा-खुब्याची झीज असलेल्या २४० रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. मॉर्फीनच्या जातीची औषधं घेणाऱ्यांची हालचाल साध्या वेदनाशामकांवरच्या रुग्णांपेक्षा सुधारली नाही. उलट त्यांचं दुखणं किंचित जास्तच राहिलं आणि दुष्परिणामही अधिक झाले. गोळीची सवय झाली की डोस चढतो, सोबत बद्धकोष्ठता आणि गुंगी येते. म्हाताऱ्या माणसाला गुंगीत तोल जाऊन पडण्याची भीती वेगळीच.

आपल्याकडे ट्रॅमाडॉल हे अशाच जातीचं वेदनाशामक २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. तरी जुनीच चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने ते घेत राहणारे आहेत. (कर्करोगाच्या रुग्णाला मात्र मॉर्फीन मिळताना मारामार, हा उफराटा न्याय!) चालू गोळी एकदम तोडणंही धोक्याचं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी लागते. म्हणून अशा चिठ्ठीवर रुग्णाला काय करता यायला हवं आणि फेरतपासणी कधी, या दोन्ही गोष्टी लिहिणं वैद्यक परिषदेने सक्तीचं करावं.

– एक वाचक, सांगली